सत्तावन्न जागांचा हिशेब

पालघर जिल्हा १ ऑगस्ट २०१४ रोजी ठाण्यातून वेगळा झाला. नव्या जिल्हा परिषदेसाठी २८ जानेवारी २०१५ला मतदान झाले आणि दुसऱ्या निवडणुकीचे मतदान ७ जानेवारी २०२०ला. दोन्ही निकालपत्रके समोर ठेवून वाचावीत अशी आहेत. २०१५मध्ये भाजप २१, शिवसेना १५, बहुजन विकास आघाडी १०, मार्क्सवादी कम्युनिस्ट पक्ष ५, राष्ट्रवादी ४, काँग्रेस १, अपक्ष १. २०२०मध्ये शिवसेना १८, राष्ट्रवादी १५, भाजप १०, माकप ६, बविआ ४, अपक्ष ३, काँग्रेस १. दोन्ही बेरजा ५७ येतात, म्हणजे बहुमताचा आकडा २९. ग्रामीण सत्तेत विचारसरणीला किती जागा असते आणि व्यवहाराला किती, या प्रश्नावर मते पुष्कळ ऐकायला मिळतात. ही दोन पत्रके आणि त्यांच्या आगेमागे पडलेले कागद काय सांगतात, एवढेच इथे पाहू.

आधी २०१५. भाजप आणि सेना मिळून ३६ होतात. प्रत्यक्षात घडलेही तेच: भाजपच्या सुरेखा थेतले अध्यक्ष, सेनेचे सचिन पाटील उपाध्यक्ष. मात्र आकड्यांत दुसरी वाटही होती. भाजपचे २१ आणि बविआचे १० मिळून ३१, म्हणजे सेनेला बाहेर ठेवूनही सत्ता बसत होती. तिसरीही वाट होती: सेना, बविआ आणि माकप मिळून ३०. तिन्ही बेरजा शक्य असताना पहिलीच का निवडली गेली, याचा कागदोपत्री पुरावा निकालपत्रकात मिळणार नाही. त्याचा धागा मुंबईत मिळतो. विधानसभेला वेगळी लढलेली शिवसेना ५ डिसेंबर २०१४ला फडणवीस सरकारात सामील झाली होती. पालघरचे मतदान त्यानंतर दोन महिन्यांच्या आतले. जिल्ह्यातली जोडी राज्यातल्या जोडीवरून बेतली गेली, हा माझा तर्क आहे. तारखांचा क्रम त्याला पाठबळ देतो, पण सिद्ध करत नाही.

तर्क तपासायची संधी पुढच्याच कागदाने दिली. २६ जानेवारी २०१७ला उद्धव ठाकरे यांनी युती तोडल्याचे जाहीर केले आणि राज्यातल्या बहुतेक जिल्हा परिषदा दोन्ही पक्षांनी स्वतंत्रपणे लढवल्या. राज्याची सावली जिल्ह्यावर पडते हे खरे असेल, तर त्याच वर्षी अडीच वर्षांची मुदत संपून पालघरचे पदाधिकारी बदलले तेव्हा जोडीही तुटायला हवी होती. ती तुटली नाही. अध्यक्ष भाजपचे विजय खरपडे झाले, उपाध्यक्ष सेनेचे निलेश गंधे. पुढच्या वर्षी तर याच दोन पक्षांत या जिल्ह्याने पाहिलेली सर्वांत कडवी लढत झाली. भाजपचे खासदार चिंतामण वनगा यांचे ३० जानेवारी २०१८ला निधन झाले. त्यांचे पुत्र श्रीनिवास सेनेत गेले आणि पोटनिवडणुकीला उभे राहिले. भाजपने काँग्रेसमधून आलेल्या राजेंद्र गावितांना उमेदवारी दिली. २८ मेच्या मतदानात गावित २९,५७२ मतांनी निवडून आले. आणखी एका वर्षाने, युती पुन्हा जुळल्यावर, जागा सेनेच्या वाट्याला गेली, तेव्हा तेच गावित सेनेचे उमेदवार म्हणून पुन्हा खासदार झाले. तेव्हा माझा पहिला तर्क अर्धाच टिकतो. जोडी जमवताना मुंबईकडे पाहिले गेले असेल. जमलेली जोडी टिकवताना मात्र जिल्ह्याने स्वतःचा हिशेब केला.

तो हिशेब कशाचा, याचा एक धागा कायद्यात सापडतो. महाराष्ट्र स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता अधिनियम, १९८६ हा जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला लागू असलेला पक्षांतरबंदीचा कायदा. या कायद्याने राजकीय पक्षाबरोबर 'आघाडी'चीही व्याख्या केली आहे. निवडणूक आटोपली की सदस्य गट करून जिल्हाधिकाऱ्यांकडे नोंद करतात, पुढे गटनेता पक्षादेश काढतो आणि तो मोडणाऱ्याचे सदस्यत्व जाऊ शकते. जिल्हा परिषदेतल्या सोयरिकीचा पहिला लेखी पुरावा म्हणून ही गटनोंदणीच पाहावी लागते. जाहीरनामा आणि भाषण त्याच्या खालच्या दर्जाचे साधन. एकदा नोंदलेला गट मोडणे महाग पडते, म्हणून २०१७मध्ये पालघरची जोडी टिकण्याला स्नेहापेक्षा हा कायदा अधिक कारणीभूत असावा, असे मला वाटते.

आता २०२०चे पत्रक. सेना १८ आणि राष्ट्रवादी १५ मिळून ३३. काँग्रेसचा एक धरला तर ३४. अध्यक्षपदी सेनेच्या भारती कामडी आल्या. पण याच पत्रकात आणखी एक बेरीज दडलेली आहे, आणि ती मांडल्यावर मी बराच वेळ त्या आकड्यावर थांबलो. सेना १८, भाजप १०: अठ्ठावीस. पाच वर्षे परिषद चालवलेली जोडी बहुमताला बरोबर एका मताने कमी पडत होती. अपक्ष तीन होते, म्हणजे ते एक मत मिळणे अशक्य नव्हते. तरीही राज्यात नोव्हेंबर २०१९मध्ये शिवसेना-राष्ट्रवादी-काँग्रेसच्या महाविकास आघाडीचे सरकार आल्यावर पालघरने त्या बाजूला पाहिलेच नाही. २८ हा आकडा लक्षात ठेवावा, त्याच्याकडे परत यायचे आहे.

आणि माकपचे सहा? त्यांच्यावाचून ३३ होत होते, म्हणजे सत्ता बसवायला ते लागत नव्हते. ज्या पक्षाची मते हिशेबात लागत नाहीत, त्याच्या वागण्यात विचार अधिक स्वच्छ दिसतो, असे मी धरून चाललो आहे. त्याला एक भक्कम कागद आहे. ३० नोव्हेंबर २०१९ला विधानसभेत ठाकरे सरकारने विश्वासदर्शक ठराव मांडला. बाजूने १६९ मते पडली. चार सदस्य तटस्थ राहिले: एमआयएमचे दोन, मनसेचा एक आणि माकपचा एक. माकपचा तो एकमेव आमदार डहाणूचा, विनोद निकोले. महिन्याभरापूर्वीच त्यांनी भाजपच्या पास्कल धनारे यांचा ४,७०७ मतांनी पराभव केला होता, आणि त्या लढतीत काँग्रेस-राष्ट्रवादीचा पाठिंबा त्यांच्यामागे होता. पाठिंबा देणारे दोन्ही पक्ष आता सरकारात होते, पण मुख्यमंत्री शिवसेनेचे होते. निकोले विरोधात गेले नाहीत, बाजूनेही नाही. सभागृहाच्या नोंदीतला हा 'तटस्थ' शिक्का कुठल्याही पुस्तिकेपेक्षा बोलका आहे. ज्यांच्या मतांवर निवडून आले त्यांच्याशी वैर धरले नाही, आणि ज्यांच्याशी वैचारिक वैर होते त्यांना मतही दिले नाही.

हा पक्ष इथे कसा रुजला, हे पाहायला ऐंशीहून अधिक वर्षे मागे जावे लागते. ब्रिटिश सरकारच्या १९३६च्या आदेशात मुंबई प्रांतातले 'अंशतः वगळलेले प्रदेश' नावानिशी दिले आहेत. ठाणे जिल्ह्यातून त्यात डहाणू आणि शहापूर हे तालुके आणि मोखाडा व उंबरगाव हे पेटे (उपतालुके) आहेत. पालघर तालुका त्यात नाही. पुढे प्रांतिक सरकारने नेमलेले अधिकारी सिमिंग्टन यांनी या प्रदेशांतल्या आदिवासींवर अहवाल लिहिला आणि त्यात वेठबिगार व लग्नाच्या कर्जापायी येणारी गुलामी, म्हणजे लग्नगडी पद्धत, सरकारी कागदावर आली. हा साक्षीदार मला मोलाचा वाटतो, कारण त्याचा कोणत्याही झेंड्याशी संबंध नव्हता.

त्यानंतरची साधने चळवळीतल्या माणसांची आहेत. किसान सभेचे नेते शामराव परुळेकरांचे वारली आदिवासींच्या उठावावरचे लिखाण १९४७चे, घटनांच्या अगदी जवळचे. गोदावरी परुळेकरांचे 'जेव्हा माणूस जागा होतो' १९७०चे, पंचवीस वर्षांनंतरचे. जवळचे साधन अधिक विश्वसनीय, असा साधा नियम इथे लावता येत नाही. शामरावांचे लिखाण चालू लढ्यातले आहे, त्याला सरकारला उत्तर द्यायचे आहे. गोदावरीबाईंना माणसे आठवायची आहेत. एकात मागण्या आणि दर अधिक, दुसऱ्यात झोपड्यांतली बोलणी अधिक. दोन्ही जिथे जुळतात तो भाग पक्का धरायला हरकत नाही: जानेवारी १९४५मध्ये टिटवाळ्याला किसान सभेची परिषद, २३ मेला झरी इथे वारल्यांचा मेळावा आणि वेठ नाकारण्याचा निर्धार, १० ऑक्टोबरला तलवाड्याचा गोळीबार आणि त्यात जेठ्या गांगड यांच्यासह पाच जणांचा मृत्यू. गवतकापणीचा दर पाचशे पौंडांना अडीच रुपये मिळावा ही मागणी. चळवळीचे म्हणणे मोजता येत होते, आणि स्थानिक कारभारात उतरताना तिला याच गोष्टीचा उपयोग झाला.

१९५७च्या लोकसभा निवडणुकीत ठाण्याला दोन जागांचा मतदारसंघ होता. शामराव परुळेकर आणि लक्ष्मण महादू मातेरा, दोघेही कम्युनिस्ट पक्षाचे, निवडून आले. पण ते वर्ष संयुक्त महाराष्ट्र समितीचे होते. समाजवादी, शेतकरी कामगार पक्ष, शेड्यूल्ड कास्ट फेडरेशन आणि कम्युनिस्ट एका मांडवाखाली होते. तेव्हा लाल झेंड्याचा जिल्ह्यातला हा ठळक विजय स्वबळाचा नव्हता, आघाडीचा होता. जुळवाजुळव अलीकडे सुरू झाली आणि पूर्वी सगळे तत्त्वाने चालत असे, या समजाला हा कागद उभा छेद देतो.

माकपच्या लिखाणात एक दावा वारंवार येतो: तलासरी पंचायत समिती स्थापनेपासून, म्हणजे १९६२पासून, लाल झेंड्याकडेच आहे. तो जरा तपासून घ्यावा लागतो. जिल्हा परिषद अधिनियम १९६१चा, कारभार सुरू झाला १ मे १९६२ला. माकप स्थापन झाला १९६४मध्ये. म्हणजे पहिली दोन वर्षे अविभाजित कम्युनिस्ट पक्षाची. 'लाल झेंडा' म्हटले तर दावा बसतो, 'आमचा पक्ष' म्हटले तर नाही. शिवाय खुद्द तलासरी हा जुन्या उंबरगावातला, १९६०च्या मुंबई राज्याच्या विभाजनानंतर महाराष्ट्रात उरलेला भाग. झरी तिथेच आहे. उठाव जिथे पेटला तिथेच पक्षाची पंचायत समिती टिकली, हे पाहून स्मरणाची ताकद म्हणावीशी वाटते. मला त्यापेक्षा रोजच्या कामाचा वाटा मोठा दिसतो. वनजमिनीचे दावे, मजुरी, रेशन, दाखले. २००६च्या वनहक्क कायद्यानंतर दावे लिहून देणे आणि त्यांचा पाठपुरावा करणे हे इथल्या कार्यकर्त्याचे नित्याचे काम झाले, आणि मार्च २०१८मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत चालत गेलेल्या मोर्चाची मुख्य मागणीही तीच होती.

पक्षांनी पंचायतीत उतरावे की नाही, हा वादही कागदावर आहे. १९५९मध्ये जयप्रकाश नारायण पक्षविरहित लोकशाहीची मांडणी करत होते. नाईक समितीने १९६१मध्ये खासदार-आमदारांना जिल्हा परिषदेबाहेर ठेवले, पक्षांना नाही. १९७८मध्ये अशोक मेहता समितीने पक्षांनी उघडपणे चिन्हावर लढावे अशी शिफारस केली. त्या समितीत माकपचे नेते नंबुद्रिपादही होते, आणि पंचायत ही नुसती विकासाची यंत्रणा नव्हे, लोकशाहीचाच पाया आहे, हे त्यांनी स्वतंत्र टिपणात नोंदवले. महाराष्ट्राने मधली वाट धरली: जिल्हा परिषद आणि पंचायत समिती पक्षचिन्हावर, ग्रामपंचायत मुक्त चिन्हावर.

या मधल्या वाटेमुळे आपल्या शोधात सर्वांत मोठी पोकळी पडते, आणि ती पाहायला बोईसर-तारापूरच्या औद्योगिक पट्ट्यासारखी जागा नाही. पाम, कुंभवली, कोलवडे, सालवड, सरावली अशी गावे. मधून कारखाने, पश्चिमेला खाडी आणि समुद्र. इथल्या ग्रामपंचायतीच्या निकालपत्रकात उमेदवाराचे नाव, प्रभाग, मते सगळे असते. पक्षाचा रकाना नसतो. पॅनेलचेही नाव नसते. निकालाच्या दुसऱ्या दिवशी प्रत्येक पक्ष 'आमचे इतके सरपंच' म्हणून यादी देतो आणि सगळ्या याद्या मिळवल्या की बेरीज एकूण जागांपेक्षा जास्त भरते. यातली एकही यादी मी पुरावा म्हणून धरत नाही. १९८६चा पक्षांतरबंदी कायदाही ग्रामपंचायतीला लागू नाही, त्यामुळे गटनोंदणीचा कागद तिथे जन्मालाच येत नाही.

मग विचार आणि व्यवहार कुठे शोधायचे? दप्तरात. ग्रामपंचायतीचा नमुना ८ म्हणजे कर आकारणी नोंदवही. मालमत्ता क्रमांक, मालकाचे नाव, भोगवटादाराचे नाव, क्षेत्रफळ, आणि पुढे घरपट्टी, दिवाबत्ती, आरोग्य, पाणीपट्टी असे रकाने. झापाचे घर, चाळीतली खोली आणि रसायनांचा कारखाना एकाच वहीत, एकाखाली एक. कारखान्याबाबत १९५८च्या ग्रामपंचायत अधिनियमात कलम १२५ची वेगळी तरतूद आहे: करांऐवजी ठोक अंशदान ठरवून घेता येते, ठरलेल्या मंजुरीच्या अधीन राहून. एखाद्या पंचायतीने आकारणी धरून ठेवली की ठोक रक्कम स्वीकारली, कोणत्या वर्षी, कोणत्या सरपंचाच्या काळात, हे वर्षावर्षाने लावले तर त्या गावाचे राजकारण कुठल्याही पक्षयादीपेक्षा नीट वाचता येईल.

ठरावाच्या पुस्तकाची गोष्ट जरा वेगळी. विषय क्रमांक, ठराव क्रमांक, मजकूर, सूचक, अनुमोदक, आणि शेवटी बहुतेक वेळा 'सर्वानुमते मंजूर'. मतभेद तिथे क्वचितच उमटतो. पण सूचक आणि अनुमोदक ही दोन नावे असतात, आणि ती जोडीने पाहिली तर कोण कोणाबरोबर आहे हे कळते. ज्या दोघांनी वर्षभर एकमेकांचे ठराव अनुमोदले आणि मग अचानक थांबले, तिथे काहीतरी घडले आहे. काय घडले, हे मात्र वही सांगत नाही.

कारखान्याचा कर पंचायतीला हवा असतो आणि त्याच कारखान्यांचे सांडपाणी खाडीत गेले तर मासेमारांचे पोट जाते. राष्ट्रीय हरित लवादाकडे तारापूरच्या प्रदूषणाविरुद्ध २०१६मध्ये कोण गेले, ते पाहावे: अखिल भारतीय मांगेला समाज परिषद. अर्जदाराच्या जागी जातीची संघटना आहे, पक्ष किंवा पंचायत नाही. यावरून पक्ष गप्प होते असा निष्कर्ष काढणे चुकीचे ठरेल. मोर्चे, निवेदने सगळ्यांनीच दिली असतील. एवढेच म्हणता येईल की जिथे एका गावातच दोन पोटे आमनेसामने होती, तिथे कागदावर सही करायला समाज पुढे आला.

वरून पैसा कसा आला, यानेही गणित बदलले. चौदाव्या वित्त आयोगाचा निधी २०१५ ते २०२० या काळात थेट ग्रामपंचायतींना गेला. जिल्हा परिषद आणि पंचायत समितीला त्यात वाटा नव्हता. अनुसूचित क्षेत्रात पेसा कायद्याखालचा पाच टक्के अबंध निधीही २०१५पासून ग्रामपंचायतीकडे येऊ लागला. १९८५च्या राष्ट्रपतींच्या आदेशात पालघर तालुक्यातली १४४ गावे अनुसूचित म्हणून दिली आहेत, तालुका पूर्ण नाही. १९३६च्या यादीत नसलेला तालुका १९८५ला असा अर्धामुर्धा आत आला. त्यामुळे एकाच तालुक्यातली दोन शेजारची गावे दोन वेगळ्या नियमांनी चालू शकतात: एकीकडे सरपंचपद आदिवासींसाठी राखीव आणि अबंध निधी, दुसरीकडे आरक्षणाची सोडत आणि कारखान्यांची घरपट्टी. या पट्ट्यात स्थानिक सोयरिकी राज्याच्या साच्यात का बसत नाहीत, याचे उत्तर मला या सीमारेषेत बरेचसे दिसते. सरपंच कसा निवडायचा, हेही पाच वर्षांत तीनदा बदलले: २०१७मध्ये थेट जनतेतून, २०२०मध्ये पुन्हा सदस्यांतून, २०२२मध्ये पुन्हा थेट. प्रत्येक बदलाला लोकशाहीचे तत्त्व सांगितले गेले आणि नंतरचे दोन्ही बदल सरकार बदलल्यावरच झाले.

आता परत ५७वर येऊ. ४ मार्च २०२१ला सर्वोच्च न्यायालयाने विकास किशनराव गवळी प्रकरणात निकाल दिला: सर्व आरक्षणे मिळून पन्नास टक्क्यांपलीकडे जाता येणार नाहीत, आणि इतर मागासवर्गीयांच्या जागांना सांख्यिकी आधार हवा. त्या निकालाच्या आधारे पालघरच्या १५ जागा रिक्त झाल्या. ५ ऑक्टोबर २०२१च्या पोटनिवडणुकीत सेना ५, भाजप ५, राष्ट्रवादी ४, माकप १. म्हणजे २०२०चे पत्रक एक चतुर्थांशाहून अधिक बदलले, तेही मतदारांच्या मनात काही पालटले म्हणून नव्हे, एका न्यायालयीन निर्णयामुळे.

जून २०२२मध्ये शिवसेना फुटली. नोव्हेंबरात पालघरचे पदाधिकारी पुन्हा बदलायचे होते. अध्यक्ष झाले शिंदे गटाचे प्रकाश निकम, उपाध्यक्ष भाजपचे पंकज कोरे. कोरे त्याच पोटनिवडणुकीत निवडून आलेले. जानेवारी २०२०मध्ये जी बेरीज २८वर थांबली होती, ती सेना-भाजपची जोडी पावणेतीन वर्षांनी त्याच परिषदेत सत्तेवर आली, मधल्या काळात सर्वसाधारण निवडणूक न होता. ही तीच बेरीज आहे असे मात्र म्हणता येत नाही. पोटनिवडणुकीने आकडे बदलले होते, आणि सेनेचे किती सदस्य कोणत्या बाजूला गेले हे निकालपत्रकावरून काढता येत नाही, कारण निवडून येताना सगळ्यांचे चिन्ह एकच होते. इथे पुन्हा गटनोंदणीचाच आधार घ्यावा लागतो. नोव्हेंबर २०२२च्या आधी जिल्हाधिकाऱ्यांकडे कोणत्या गटाची नोंद होती, कोणत्या नावाने होती आणि पक्षादेश कोणाच्या सहीने निघाला, या तीन कागदांवर तो बदल पक्षफुटीचा होता की जुन्या जोडीच्या परतीचा, हे ठरेल.